एका गोळीची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

एचआयव्हीसह जगणाऱ्या बहुतेक प्रौढांना आज रोज एकच गोळी पुरते. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात तिला टीएलडी म्हणतात. २००० साली एका माणसाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरच्या वर पैसे लागत. एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्ध पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंड या जागतिक निधीच्या खरेदीत टीएलडीचा वर्षाचा खर्च २०२३ साली ४५ डॉलरच्याही खाली आला.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, आणि जग हादरलं. पण नुसत्या स्वस्त भावाने औषध आफ्रिकेतल्या गावात पोहोचत नाही. ते विकत घेणारा कुणी लागतो. २००२ मध्ये ग्लोबल फंड आणि २००३ मध्ये एचआयव्हीच्या उपचारांना पैसा देणारा अमेरिकेचा पेपफार कार्यक्रम आला, तेव्हा तो मिळाला. पेटंटचा अडसर औषधांचे परवाने मिळवणाऱ्या मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेने सोडवला: २०१४ मध्ये डोल्युटेग्राविरचा परवाना मिळवून तो जेनेरिक, म्हणजे तेच औषध स्वस्तात बनवणाऱ्या, कंपन्यांना खुला केला. २०१७ मध्ये टीएलडीचा भाव वर्षाला साधारण ७५ डॉलर ठरला. त्या वेळी गेट्स फाउंडेशनने कंपन्यांना ठरावीक खपाची हमी दिली होती. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. माल उचलला जाईल याची खात्री असल्याशिवाय कारखाना उत्पादन वाढवत नाही.

प्रतिबंधाचा मोठा पुरावाही असाच अनेक देशांनी मिळून उभा केला. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, त्यांत पुण्याचीही. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही होता. उपचार लवकर सुरू केला, तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, असं २०११ मध्ये दिसलं.

आता घरातलं बोलू. गोळी चांगली असूनही कधी कमी पडते, कारण कॅल्शियम आणि लोह डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतात. मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. गरोदर बायकांना कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या दवाखान्यातूनच मिळतात, म्हणून त्यांनी हे नक्की ऐकावं. जेवणासोबत सगळं एकत्र घेतलं तर चालतं. रिकाम्या पोटी घ्यायचं असेल, तर टीएलडी आधी घ्या आणि कॅल्शियम किंवा लोह दोन तासांनी. ते आधी घेतलं गेलं असेल, तर टीएलडीला सहा तास थांबा. पित्तावरच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही; तिथे हे अंतर नेहमीच पाळायचं.

क्षयावरचं रिफाम्पिसिन सुरू असेल, तर डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून डॉक्टर बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी देतात, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. क्षयाचा कोर्स संपला म्हणून ती त्याच दिवशी सोडू नका.

शंका असेल तर १०९७ हा नाकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, मोफत क्रमांक आहे.