ओढ्याकाठचा वर्ग आणि त्याचा खर्च

नमस्कार, श्रोतेहो. गावच्या शाळेत पर्यावरण शिक्षण म्हणजे बहुतेक वेळा दोनच गोष्टी: पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षदिंडी आणि हिवाळ्यात सहल. सहलीचा पैसा गाडीभाड्यात जातो, दिंडीतली रोपं मार्चनंतर पाण्यावाचून वाळतात. तेवढ्याच पैशात दर शनिवारी, शाळेपासून पंधरा मिनिटं चालून, मुलांचा वर्ग उघड्यावर भरू शकतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आकडे टिपून घ्या.

जागा एकच ठरवा. ओढा, गायरान, देवराई, तळ्याचा काठ, काहीही चालेल, पण वर्षभर तिथेच जायचं. जूनमध्ये पाहिलेली जागा ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत पुन्हा पाहिली, तरच मुलांना बदल दिसतो. तीस मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत, एक पुढे आणि एक सर्वांत मागे. पायात बूट, हातात काठी. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात आहे याची चौकशी आधीच करून ठेवा, आणि १०८ क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असू द्या.

ओढ्यात उतरायचं ते ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात नाहीच, कारण वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याखाली पाणी असेल तेवढंच आत जायचं. पिठाची चाळण प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, तिच्या वरच्या अंगाचा दगड उचलून त्याची खालची बाजू हाताने चोळायची. जे चाळणीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये, दोन सेंटिमीटर पाण्यात ओतायचं आणि भिंगातून पाहायचं. शेपटीला तीन बारीक धागे असलेले चपटे किडे भरपूर दिसले, तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसत्या लालभडक अळ्याच सापडल्या, तर पाण्यात बहुधा सांडपाणी मिसळतंय. कमी प्राणवायूत तगून राहायला त्यांना अंगातलं हिमोग्लोबिन मदत करतं, म्हणून त्या लाल दिसतात. दहा मिनिटांनी सगळे जीव जिथून घेतले तिथेच सोडायचे आणि दगड होता तसाच ठेवायचा. दगड उलटा राहिला तर त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली अंडी उघडी पडतात.

आता पैसा. तीस मुलांच्या वर्गाला पहिल्या वर्षी २०,००० रुपये धरा. त्यातले ९,००० मानधनाचे: गावातला गुराखी, मासेमारी करणारी बाई, झाडपाल्याचा जाणकार, अशा कुणाला तरी दर वेळी ३०० रुपये, तीस शनिवार. भिंगं, ट्रे, चाळणी, दोरी आणि पर्जन्यमापक यांना ६,०००. वह्या आणि छपाई २,५००, दुरुस्ती १,५००, प्रथमोपचार १,०००. मानधनाची रक्कम पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि कात्री पहिल्यांदा तिलाच लागते. ती लावू नका. शिक्षकांची बदली होते. जाणकार माणूस मात्र गावातच राहतो, आणि त्याच्या ज्ञानाला मोल आहे हे मुलांना दिसणं हेही शिक्षणच आहे.

‘समग्र शिक्षा’ या केंद्र सरकारच्या शालेय योजनेच्या निकषांप्रमाणे ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान आहे. इको क्लबसाठी, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण मंडळासाठी, प्राथमिक शाळेला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १५,००० पर्यंत तरतूद आहे. यातून साहित्य घ्या. अडचण अशी की ही रक्कम बऱ्याचदा वर्षअखेरीस हातात पडते, ३१ मार्चच्या आत खर्च करावी लागते, आणि तोवर ओढा आटलेला असतो. म्हणून या वर्षीच्या अनुदानातून पुढच्या जूनचं साहित्य आणून ठेवायचं.

मानधन वेगळ्या खिशातून काढावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते मार्च २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतीला दिलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवला, आणि उरलेल्या अबंधित रकमेतून पगार वा आस्थापना खर्च करायला मनाई केली. तेव्हा मानधन ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून किंवा लोकवर्गणीतून मागा. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा खास पंचायत कायदा लागू असलेल्या, गावांना ५ टक्के अबंध निधी मिळतो, त्यात शिक्षण आणि वनसंवर्धन दोन्ही बसतात. जैवविविधता व्यवस्थापन समितीला विसरू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवजातींची आणि त्यांच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद, ठेवणं तिचं काम आहे. पुष्कळ गावांत ही नोंदवही एकदा लिहून कपाटात गेली आहे. मुलांच्या नोंदींतून ती दरवर्षी भरत गेली, तर वह्या-छपाईचा खर्च समितीकडे मागायला सबळ कारण मिळतं.

हे सगळं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी मांडायचं. ठरावात ‘पर्यावरण जनजागृती’ एवढंच लिहिलं तर त्या पैशाचा फलक रंगतो. जागेचं नाव, महिने, वारांची संख्या, रक्कम आणि जबाबदार व्यक्ती असं लिहा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून सोबत जोडा.

दुसऱ्या वर्षी आपल्याच केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, दोन शाळा जोडून घ्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषण देण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांना एका शनिवारी ओढ्यावर न्या. एका पत्र्याच्या पेटीतलं साहित्य तीन शाळांना पाळीने पुरतं. झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवा, आणि पेटी हलताना दोन्ही शाळांच्या मुलांनी मोजून सह्या करायच्या. एखादं भिंग हरवेलच. दुरुस्तीच्या रकमेतून ते त्याच आठवड्यात भरून काढा, नाही तर जबाबदारीच्या धास्तीने पेटीला कुलूप लागतं आणि वर्ग पुन्हा चार भिंतींत जातो.