वेलची घ्यायची की जी-नाईन?

श्रोतेहो, नमस्कार.

परवा सांगलीत गणपती पेठेत केळी घ्यायला थांबले होते. माझ्या पुढे एक आजी. केळीवाल्याला म्हणाल्या, "वेलचीच दे बाबा. नातवाची हाडं बळकट व्हायला हवीत. त्या मोठ्या केळ्यात काय, नुसतं पाणी!" वेलचीचा भाव जास्त होता, आजींनी मुकाट्यानं दिला. मी मात्र वेलची आणि ती मोठी, म्हणजे जी-नाईन, दोन्ही घेतली आणि घरी येऊन काट्यावर ठेवली.

जी-नाईनचं एक केळं सालीसकट 168 ग्रॅम, सोलल्यावर 110. वेलचीचं सालीसकट 52, सोलल्यावर 41. वेलचीची साल पातळ, त्यामुळे वाया कमी जातं, एवढा आजींचा फायदा खरा. पण एका जी-नाईनची बरोबरी करायला वेलची अडीच-पावणेतीन लागतात. जातींची तुलना करायची तर नगाला नग लावून चालत नाही, गराला गर लावावा लागतो. आणि पाण्याचं म्हणाल, तर पिकल्या जी-नाईनच्या गरात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असतं खरं. वेलचीही काही कोरडी नसते.

बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं हे जी-नाईन कॅव्हेन्डिश गटातलं. आपली जुनी बसराई, श्रीमंती याच घराण्यातल्या. या गटाच्या 100 ग्रॅम गरात साधारण 350 मिलिग्रॅम पोटॅशियम, 27 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 90 च्या आसपास कॅलरी. मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन हजार मिलिग्रॅम पोटॅशियम लागतं, म्हणजे माझ्या त्या एका केळ्यानं जेमतेम नववा हिस्सा भागला. हा आकडा रानागणिकही थोडा हलतो. शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको, केळ ही पालाशची खादाड, आणि पालाश म्हणजेच पोटॅशियम.

लोहाची गोष्ट मात्र आपण उगाच मोठी करून ठेवलीय. कापलेलं केळं काळं पडतं म्हणजे त्यात लोह भरपूर, असं मीही लहानपणी ऐकलंय. ते काळं पडतं गरातल्या एका विकरामुळे, हवा लागली की. लोह 100 ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही.

मग जातींत फरक नाहीच का? आहे, आणि तो गराच्या रंगात बघावा. गर जितका पिवळा-केशरी, तितकं बीटा-कॅरोटीन जास्त. हे शरीरात अ जीवनसत्त्वात बदलतं. लाल केळ्याचा गर या बाबतीत जी-नाईनपेक्षा सरस. त्याच्या सालीचा तो देखणा लाल रंग मात्र आपण कचऱ्यात टाकतो! प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया बेटांवर करात नावाचं केळं आहे, त्याचा गर चक्क केशरी. कोकणातली राजेळी पिठूळ, उकडून खायची. वसईकडे तिची सुकेळी करतात. पाणी उडालेलं, म्हणून वजनाच्या मानानं खनिजंही दाट आणि साखरही दाट. एक-दोन तुकडे ठीक, मूठभर नको.

साखरेवरून आठवलं. जातीपेक्षा मोठा फरक पिकण्यानं पडतो. हिरव्या केळ्यात पिष्ट जास्त असतं, पिकताना त्याची साखर होते. मधुमेह असेल तर ठिपके पडलेल्या केळ्यापेक्षा जरा कमी पिकलेलं बरं. खनिजं पिकण्यानं वाढत नाहीत, घटतही नाहीत. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं कुठलंही असो, आधी डॉक्टरांना विचारा. तिथे हेच पोटॅशियम अंगाशी येतं.

राहिली आजींच्या नातवाची हाडं. त्यांना लागतं कॅल्शियम. 100 ग्रॅम केळ्यात ते जेमतेम 5 मिलिग्रॅम, तेवढ्याच दुधात 120 च्या घरात. तेव्हा आजी, ऐकत असाल तर वेलची तुमच्या आवडीची म्हणून जरूर घ्या, पण त्याचं शिकरण करा, आणि वाटीत दूध सढळ हातानं घाला.