मतं मिळाली, पण शपथ?

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक जिंकणं वेगळं आणि सत्ता हाती येणं वेगळं, हे आपल्याला काही नव्याने सांगायला नको. पण या दोहोंमधलं अंतर ज्याला एकदा नाही, दोनदा कापावं लागलं, अशा एका मुख्यमंत्र्याविषयी आज बोलणार आहे. नाव जोसेफ पायरिन कितिंगन. राज्य साबाह. मलेशियाचं हे राज्य क्वालालंपूरपासून दूर, समुद्रापलीकडे बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला आहे. 1963 मध्ये मलेशिया झाला तेव्हा साबाह त्यात सामील झालं. लाकूड भरपूर, तेल भरपूर, आणि दिल्लीशी भांडणाऱ्या राज्यांना शोभेल अशी केंद्राविषयीची तक्रारही भरपूर.

पायरिन यांचा जन्म 1940 चा, पापारचा. समाज कादाझान-दुसुन, म्हणजे साबाहचे मूळ रहिवासी, डोंगरउतारावर आणि खोऱ्यांत भात पिकवणारे, बरेचसे ख्रिस्ती. कोलंबो योजनेची शिष्यवृत्ती मिळवून पायरिन ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गेले, कायदा शिकून आले. त्यांच्या समाजातले ते पहिले वकील. 1976 मध्ये बेर्जाया या नव्या पक्षातर्फे तांबुनान मतदारसंघातून ते निवडून आले आणि पुढे मंत्रीही झाले.

त्याच वर्षी जूनमध्ये एक विमान कोसळलं. त्यात मुख्यमंत्री फुआद स्टीफन्स आणि त्यांचे अनेक सहकारी गेले. स्टीफन्स हे कादाझानांचे 'हुगुआन सिओउ', म्हणजे सर्वोच्च नेते. मुख्यमंत्रिपद हॅरिस साले यांच्याकडे आलं. हॅरिस कामाचा माणूस, पण एककल्ली. केंद्राशी त्यांचं इतकं गूळपीठ की 1984 मध्ये लाबुआन हे अख्खं बेट त्यांनी केंद्राच्या हवाली केलं. 1980 च्या जनगणनेत कादाझान, बाजाऊ, मुरुत ही नावं पुसली गेली आणि सगळ्यांना 'प्रिबुमी' या एकाच रकान्यात कोंबलं. ज्यांची ओळखच कागदावरून गेली, ते लोक आतल्या आत धुमसत होते.

पायरिन यांचं पक्षाशी बिनसलं. 1984 मध्ये त्यांच्या समाजाने त्यांना हुगुआन सिओउ केलं, आणि वर्ष संपता संपता ते तांबुनानच्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहिले. सरकारी पक्षाचा उमेदवार सपाटून आपटला. यावर हॅरिस सरकारने काय करावं? तांबुनानचा जिल्ह्याचा दर्जाच काढून घेतला आणि त्याला उपजिल्हा करून टाकलं. मतदारांनी चुकीचं बटण दाबलं म्हणून गावालाच शिक्षा! माझ्या मते पायरिन यांना राज्याचा नेता कुणी केलं असेल तर या एका सूडाच्या हुकुमाने.

मार्च 1985 मध्ये त्यांनी पार्ती बर्सातू साबाह, थोडक्यात पीबीएस, हा पक्ष काढला. दीड महिन्यात निवडणूक. 1981 मध्ये 48 पैकी 44 जागा जिंकणारा बेर्जाया सहावर आला. हॅरिस स्वतःच्या मतदारसंघात पडले. पीबीएसला 25, जुन्या उस्नो पक्षाला 16, आणि पासोक नावाच्या छोट्या पक्षाला एक. चित्र स्वच्छ होतं. पण साबाहच्या घटनेत एक मेख आहे: सरकार विधानसभेत सहा जणांची नेमणूक करू शकतं. आता बेरीज करा. उस्नोचे सोळा, बेर्जायाचे सहा आणि नेमलेले सहा, झाले अठ्ठावीस!

ही बेरीज घेऊन उस्नोचे नेते तुन मुस्तफा 22 एप्रिलच्या पहाटे राज्यप्रमुखांच्या, म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालांसारख्या पदाधिकाऱ्याच्या, निवासस्थानी पोचले. राज्यप्रमुख अदनान रॉबर्ट यांनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. होय, पहाटेचा शपथविधी. आपल्याला त्याची नवलाई राहिलेली नाही, पण साबाहमध्ये 1985 साली लोक अवाक् झाले. पंतप्रधान महाथिर तेव्हा परदेशात होते आणि कारभार उपपंतप्रधान मुसा हिताम पाहत होते. त्यांनी निवडून आलेल्या पक्षाची बाजू घेतली. संध्याकाळपर्यंत मुस्तफांची नेमणूक रद्द झाली आणि त्याच वास्तूत पायरिन यांनी शपथ घेतली. कोर्टकज्जा वर्षभर चालला, निकाल पायरिन यांच्या बाजूने लागला. 1986 च्या सुरुवातीला कोटा किनाबालूत बॉम्ब फुटले, दंगल झाली. त्याच सुमारास पायरिन यांनी विधानसभा विसर्जित करून पुन्हा कौल मागितला. या वेळी जागा 34. जूनमध्ये पीबीएस केंद्रातल्या सत्ताधारी बारिसान नॅशनल आघाडीत गेला.

पुढची चार वर्षं मी भराभर ओलांडतो. 1990 च्या जुलैत तर 36 जागा आल्या. आणि मग ऑक्टोबरमध्ये, लोकसभेच्या मतदानाला जेमतेम पाच दिवस उरले असताना, पायरिन बारिसान सोडून विरोधकांना जाऊन मिळाले. उमेदवारी अर्ज भरून झालेले, तिथे बारिसानला नवे उमेदवार देणं अशक्य. महाथिर यांनी याला पाठीत खुपसलेला सुरा म्हटलं, आणि महाथिर काही विसरणाऱ्यातले नव्हते. तेलाच्या उत्पन्नातला राज्याचा वाटा अवघा पाच टक्के, बेकायदा स्थलांतरितांना ओळखपत्रं मिळतात, या पायरिन यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण डाव चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. क्वालालंपूरमध्ये सरकार बदलणार या अंदाजावर सगळं लावलं, आणि सरकार बदललं नाही.

मग सुरू झाली परतफेड. जानेवारी 1991 मध्ये पायरिन यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप ठेवले गेले. धाकटे भाऊ जेफ्री यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली बिनचौकशी स्थानबद्ध केलं. महाथिर यांचा अम्नो पक्ष, जो तोवर साबाहमध्ये नव्हता, तो आला. 1993 मध्ये केंद्राने साबाहच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. ज्या राज्याची तिजोरी लाकडावर चालते, तिथे याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

खटल्याचा निकाल जानेवारी 1994 मध्ये आला. दुकानगाळ्यांचं कंत्राट नातेवाइकांशी संबंध असलेल्या कंपनीला दिल्याबद्दल दोषी. हा डाग आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. दंड 1,800 रिंगिट. दंड 2,000 झाला असता तर आमदारकी गेली असती. दोनशे रिंगिटांनी माणूस वाचला! लगेच निवडणूक, आणि पीबीएसला पुन्हा 25, बारिसानला 23.

पायरिन शपथेसाठी राज्यप्रमुखांच्या निवासस्थानी गेले, तर फाटक बंद. राज्यप्रमुखांची तब्येत बरी नाही, असं कारण. नऊ वर्षांपूर्वीची ती पहाट पायरिन विसरले नव्हते. ते हलले नाहीत. फाटकाबाहेर गाडीत बसून राहिले, सुमारे छत्तीस तास. समजा ते घरी गेले असते, तर त्या रात्रीत आत कुणाला शपथ दिली गेली असती कोण जाणे. शेवटी फाटक उघडलं.

पण जे बाहेरून झालं नाही, ते आतून झालं. पक्षाचे आमदार एकेक करून फुटले. कुणी नवे पक्ष काढले, कुणी थेट पलीकडे गेले. त्यांना रोखायला कायदा नव्हता. आपल्याकडे पक्षांतरबंदी आली ती 1985 मध्ये, नेमक्या पीबीएस जन्मला त्याच सुमारास. मलेशियात मात्र 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलांतान राज्याची तशी तरतूद संघटनास्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली होती. पायरिन यांनी पुन्हा निवडणूक मागितली, ती मिळाली नाही. मार्चच्या मध्यावर त्यांनी राजीनामा दिला. जिंकल्याला महिनाही झाला नव्हता.

त्यानंतर आठ वर्षं विरोधात. 2002 मध्ये पीबीएस मुकाट्याने बारिसानमध्ये परतला आणि 2004 पासून पायरिन उपमुख्यमंत्री झाले. ज्यांनी पाडलं त्यांच्याच मंडळात दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची. काहींना ही शरणागती वाटली. मला ती थकलेल्या पण व्यवहारी माणसाची तडजोड वाटते, कारण विरोधात बसून तांबुनानला रस्ते मिळत नाहीत, हे ते एव्हाना शिकले होते.

1976 पासून राखलेलं तांबुनान गेलं ते मे 2018 मध्ये, आणि हरवलं कुणी? धाकट्या भावाने, जेफ्रीने. अनेक पक्ष फिरून आलेल्या जेफ्रींचा तेव्हाचा पक्ष होता स्टार. त्याच आठवड्यात साबाहमध्ये दोघांनी पाठोपाठ मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, आधी मुसा अमान यांनी आणि मग, आमदार इकडून तिकडे गेल्यावर, शाफी अपदाल यांनी. पायरिन राजकारणातून बाजूला झाले. 2020 मध्ये पुन्हा सरकार बदललं, आणि नव्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री झाले जेफ्री कितिंगन.

नमस्कार.