पुणे ते पणजी: देणगी सायकलफेरीचा शेवटचा दिवस

(दृश्य: आंबोली, सकाळचं धुकं. रस्त्याकडेला टेकवलेल्या सायकली.)

पुण्याहून निघून आज चौथा दिवस. पहिला मुक्काम साताऱ्यात, दुसरा कोल्हापुरात, तिसरा इथे. संकेश्वर, आजरा करत आंबोली गाठली की चढ संपले म्हणून मंडळी सैलावतात. पणजी आता शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण आधी घाट आहे, सुमारे ७०० मीटर उंचीवरून सावंतवाडीकडे उतरणारा.

(दृश्य: ब्रेकचे रबर, जवळून.)

उतारावर ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिम तापते, ट्यूब फुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मारून वेग उतरवायचा, मग सोडायचे. धुक्याने रिम ओली असेल तर पहिली दोन-चार चक्रं ब्रेक नीट धरतच नाही. आधीच हलके दाबून ती पुसून घ्यायची. रबरावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील, तर रबर वरच बदला. घाटात थांबायला जागा कमी.

पंक्चरचं खरं दुखणं मात्र महामार्गावरचं. ट्रकच्या फुटलेल्या टायरांतली केसाएवढी तार सायकलच्या टायरमध्ये शिरते. नवी ट्यूब टाकली आणि दहा मिनिटांत हवा गेली, तर तार बहुधा आतच आहे. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकेल तिथे तार. बोटाने चाचपायला गेलात तर रक्त आधी दिसेल, तार नंतर.

(दृश्य: बांदा. ऊन, घामाने ओल्या जर्सी.)

खाली हवा दमट. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, नुसत्या पाण्याने भागत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, सायकलची बाटली बहुतेक वेळा पाऊण लिटरची. अख्खं पाकीट तिच्यात ओतलं की द्रावण दाट होतं, पोट बिघडतं. (कोल्हापुरात तांबडा रस्सा ओरपलेल्यांना याची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.) गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा.

पत्रादेवी, म्हापसा, मग मांडवीचा पूल.

(दृश्य: पणजी. सायकली टेम्पोत चढवताना.)

किलोमीटरमागे रक्कम कबूल केलेल्यांसाठी सायकल कंप्युटरवरच्या एकूण अंतराचा फोटो आताच काढा. २,००० रुपयांहून जास्त देणगी रोखीने घेऊ नका. देणाऱ्याला आयकरात वजावट मिळत नाही.

आणि पेडल काढताना १५ नंबरचा पाना. उजवं नेहमीसारखं सुटतं. डाव्याचे आटे उलटे, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. दमलेला माणूस इथे हमखास उलटा जोर लावतो, मग पेडल आणखीच आवळतं.