वाचनालय दुपारी उघडं हवं

[दृश्य : मे महिना, सीताबर्डी, दुपारची वेळ. तोंडाला दुपट्टे बांधलेल्या तीन मुली वाचनालयाच्या जिन्याकडे वळतात.]

निवेदन :

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की दुपारी रस्ते ओस पडतात. शहरातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयंही वर्षानुवर्षं या वेळेला कुलूप लावून बसत आली. सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास, आणि मधे बंद.

ही वेळ कुणाला धरून ठरली होती, ते सहज ध्यानात येतं. सकाळी पेपर चाळून कचेरीत जाणारा कारकून, संध्याकाळी कादंबरी बदलायला येणारे मास्तर, घरातल्या सगळ्यांसाठी दोन पुस्तकं आणि एक मासिक घेऊन जाणारे वकीलसाहेब. बायकांची पुस्तकंही पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्याच हातून यायची-जायची. यांतल्या कुणाला दुपारी वाचनालय लागत नव्हतं. दुपारी ते कामावर असायचे.

आजचा वाचक नेमका दुपारी येतो.

तो काटोलचा असतो, उमरेडचा असतो, भंडारा-गोंदियाचा, गडचिरोलीचा असतो. तिघांत एक खोली, वर टिनाचं छप्पर. सकाळी दहानंतर त्या खोलीत बसवत नाही, अभ्यास तर दूरच. पोलीस भरती, तलाठी, बँक, राज्यसेवा अशी कुठली तरी तारीख डोक्यावर असते. बॅगेत स्वतःची पुस्तकं, पाण्याची बाटली, डबा. वाचनालयाचं पुस्तक त्याला आज नको असतं. त्याला खुर्ची हवी, डोक्यावर पंखा हवा, चार्जिंगसाठी प्लग हवा, वापरण्याजोगं स्वच्छतागृह हवं. आणि दुपारी दार उघडं हवं.

[दृश्य : वाचन कक्ष. भिंतीकडे तोंड करून बसलेली मुलं. एका टेबलावर नकाशांचं पुस्तक, वहीत लाल-निळ्या पेनांच्या खुणा.]

ग्रंथालयाच्या क्षेत्रात या मुलांबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते : ही मुलं वाचक नाहीत, नुसती जागा अडवतात. ही तक्रार करणारी माणसं पुस्तकांवर जीव असलेली असतात, म्हणून ती ऐकून घेतली पाहिजे. पण ती चुकीची आहे, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. घरात अभ्यासाला जागा नसलेल्या माणसाला शांत जागा मिळवून देणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचं काम आहेच. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं 1931 साली मांडली. त्यांतलं पहिलं सूत्र, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. या सूत्राचा अर्थ उलगडताना रंगनाथन ग्रंथालयाची जागा कुठे असावी, ते किती वेळ उघडं असावं, टेबल-खुर्च्या कशा असाव्यात, कर्मचारी कसे असावेत, याबद्दल बोलतात. वेळ आणि खुर्ची या गोष्टी त्यांनी पहिल्याच सूत्रात घेतल्या, शेवटी जोडल्या नाहीत.

आणि बसायला आलेला मुलगा कायम बसायलाच येतो, असंही नाही.

राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. त्याआधी बरीच वर्षं ती बहुपर्यायी होती. पर्यायांतलं बरोबर उत्तर निवडायचं असेल तर गाईड पुरतं. पानभर उत्तर लिहायचं, त्यात एक वैकल्पिक विषय, म्हटल्यावर गाईड अपुरं पडतं. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, मराठी साहित्य या विषयांची मूळ पुस्तकं लागतात, आणि ज्याला मराठीत लिहायचंय त्याला ती मराठीत लागतात.

ही पुस्तकं नागपूरच्या कपाटांत आहेत. विद्यापीठ पातळीवरची पुस्तकं मराठीत यावीत म्हणून सत्तरच्या दशकात काम करणारं महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ नागपूरचंच. त्या मंडळाच्या अर्थशास्त्राच्या, राज्यशास्त्राच्या पुस्तकांवर जुन्या ग्रंथालयांत धूळ साचली होती. देवघेवीच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कधीचा आहे, हे बघून अशी पुस्तकं बाद करायच्या यादीत टाकली जातात. जागा कमी पडली की तसं करावंच लागतं. पण ज्या ग्रंथपालाला समोर बसलेल्या मुलांचा अभ्यासक्रम ठाऊक आहे, तो ही पुस्तकं बाद करत नाही. तो ती मागच्या खोलीतून काढतो आणि वाचन कक्षाच्या दाराशी, हात पोचेल अशा रॅकवर लावतो. एवढंच करायचं असतं. स्वतःची पुस्तकं घेऊन बसायला आलेला मुलगा उठून रॅकपाशी जातो.

[दृश्य : रस्त्यावरच्या पाट्या. खासगी अभ्यासिकांच्या जाहिराती : एसी, वायफाय, स्वतंत्र केबिन.]

शहरात खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या आहेत. महिन्याचे पैसे भरा, केबिन घ्या. ज्यांना परवडतं त्यांची सोय झाली, हे चांगलंच आहे. पण तिथे पुस्तक नाही, आणि कोणतं पुस्तक वाचावं हे सांगणारं माणूसही नाही. शिवाय ज्या मुलीच्या घरून महिन्याला मोजके पैसे येतात, तिच्यासाठी महापालिकेची अभ्यासिका, वस्तीतल्या बुद्धविहाराची अभ्यासिका आणि सार्वजनिक वाचनालय, एवढेच दरवाजे उरतात.

दुपारी वाचनालय उघडं ठेवायचं तर दुपारी तिथे माणूस लागतो. इथे गाडी अडते, आणि का अडते ते कळण्यासाठी कायद्याकडे बघावं लागतं.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालचा. त्याआधी, 1948 साली, मद्रास प्रांताने असा कायदा केला आणि त्यात ग्रंथालय कर ठेवला. महाराष्ट्राने कर लावला नाही. इथे ग्रंथालयं चालवायची ती लोकांच्या संस्थांनी, आणि शासनाने द्यायचं अनुदान. गावागावांत आधीपासून वाचनालयं होती, लोकांनी वर्गणी काढून ती जगवली होती, त्यामुळे ही वाट निवडली गेली. तिच्यामुळे राज्यभर हजारो ग्रंथालयं उभी राहिली. पण त्याच वाटेने ग्रंथपालाचा पगार अनुदानाच्या हप्त्यावर टांगला गेला. अनुदान ग्रंथालयाच्या वर्गाप्रमाणे मिळतं. अ, ब, क, ड असे वर्ग (अ सगळ्यात वरचा) ठरतात ते ग्रंथसंख्या, सभासद, दैनिकं-नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास अशा गोष्टींवरून. क आणि ड वर्गांतल्या ग्रंथपालाच्या हाती जे पडतं त्यात घर चालत नाही. त्याच माणसाला दुपारची पाळी करायला कसं सांगायचं? वाचन कक्षात रोज किती माणसं किती वेळ बसली, याला अनुदानात वजन मिळालं आणि त्या पाळीसाठी वेगळा माणूस धरला गेला, तर नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांत मोठा फरक पडेल. ही मागणी रास्त आहे.

[दृश्य : वाचन कक्षाच्या खिडकीतला मोठा लोखंडी कूलर. खसच्या ताट्यांवरून पाणी झिरपतंय.]

आता या कूलरकडे बघा. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय कुणी बसू शकत नाही. पण कूलर गार हवेबरोबर ओल फेकतो. इथल्या कोरड्या उन्हाने जुना कागद आधीच ठिसूळ झालेला असतो, पान दुमडलं की तुकडा हातात येतो. त्यावर दिवसभर दमट हवा आणि रात्री पुन्हा कोरडी, असं चाललं की कागद फुगतो, आक्रसतो, बांधणी सुटते. ओल टिकली तर बुरशी येते. बांधणीतल्या खळीवर कसर जगते, आणि लाकडी कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर पावसाळ्यात वाळवी आलीच म्हणून समजा.

म्हणजे माणसाला जे हवं तेच पुस्तकाला बाधतं. जाणत्या ग्रंथपालांनी यातून साधाच मार्ग काढला आहे. बसायची खोली वेगळी, साठ्याची वेगळी. कूलरचं तोंड साठ्याच्या विरुद्ध दिशेला, समोरची खिडकी किलकिली, म्हणजे दमट हवा खोलीत कोंडत नाही. रॅक स्टीलचे आणि भिंतीपासून वीतभर पुढे. आठवड्यातून एकदा कोपऱ्यातली पुस्तकं हलवून बघायची. शहराबाहेर छापलेल्या पुस्तकांत हे सापडणार नाही, ते उन्हाळे काढल्यावरच कळतं.

[दृश्य : दीक्षाभूमी परिसर. पुस्तकांचे स्टॉल. हातात पिशव्या घेतलेली कुटुंबं.]

14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथे लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. दूरच्या खेड्यातली आजी नातवासाठी संविधानाची प्रत निवडताना दिसते. पुस्तकांची एवढी ओढ असलेला वाचकवर्ग ज्या शहरात आहे, तिथल्या ग्रंथालयांनी त्याच्यासाठी कपाट कसं लावलं?

पुस्तकांना विषयवार क्रमांक देऊन लावण्याची दशांश वर्गीकरणाची पद्धत 1876 ची, अमेरिकेतली. तिच्यात धर्माच्या विभागातली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिलेली आहे आणि बौद्ध धर्म 294.3 या क्रमांकात बसवला आहे. त्या हिशेबाने बुद्धावरचं पुस्तक तिथे जातं, राज्यघटनेवरचं 342 मध्ये, जातिव्यवस्थेवरचं समाजशास्त्रात, चरित्र चरित्रांत, दलित कविता मराठी साहित्यात, म्हणजे 891.46 च्या पोटात. शास्त्राप्रमाणे सगळं बरोबर. पण वाचक येतो तो म्हणतो, "मॅडम, आंबेडकरी साहित्य कुठं आहे?" त्याला पाच रॅकांना पाच फेऱ्या माराव्या लागतात, आणि दुसऱ्या फेरीनंतर तो कंटाळून निघून जातो.

म्हणून काही ग्रंथालयांत ही सगळी पुस्तकं एका रॅकवर एकत्र लावतात. क्रमांक तोच राहतो, पाठीवर एक रंगीत पट्टी लागते आणि नोंदीत जागा बदलते. शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही तिथेच. त्यांतल्या पहिल्या बऱ्याच खंडांचं संपादन करणारे वसंत मून नागपूरचेच. वर्गीकरण वाचकासाठी असतं, तेव्हा वाचक ज्या नावाने विचारतो त्या नावाची पाटी रॅकवर असायलाच हवी.

नागपुरात वाचकाची भाषाही एक नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे जुन्या संग्रहांत मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी नांदतात. इतवारीत हिंदी, मोमिनपुऱ्यात उर्दू मागणारा वाचक आहे. गडचिरोलीकडून येणाऱ्या काही मुलांच्या घरची भाषा गोंडी. गोंडीसाठीची मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, आली ती 2017 साली, आणि छापील गोंडी पुस्तकं अजून थोडीच आहेत. जी मिळतील ती आजच घेऊन ठेवावीत.

ज्येष्ठ वाचकांचं थोडक्यात सांगायचं तर, टाळेबंदीत जे घरी बसले त्यांतले बरेच परत आले नाहीत. 15 ऑक्टोबर 2020 पासून ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली, पण तोवर गुडघ्यांनी जिना चढायचं नाकारलं होतं. त्यांच्यासाठी घरपोच पुस्तक हाच इलाज. फोनवर नाव सांगायचं, आणि त्या भागात राहणाऱ्या सभासदाने जाताना पिशवी पोचवायची.

[दृश्य : संगणकाचा पडदा. शोधाच्या चौकटीत कुणीतरी मराठीत लेखकाचं नाव टाइप करतंय. निकाल : शून्य.]

आणि हा शून्य. पुस्तक कपाटात आहे, दाखल नोंदवहीत आहे, संगणकातही आहे. तरी ते सापडत नाही.

कारण वीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेने सगळ्या नोंदी संगणकावर घेतल्या, त्यांनी त्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये घेतल्या. तेव्हा तेच होतं. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट काढला की अर्थहीन रांग उरते. आजचा वाचक मोबाइलवरून युनिकोडमध्ये शोधतो आणि दोघांची गाठ पडत नाही. कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखी ग्रंथालयाच्या नोंदी सांभाळणारी चांगली संगणक प्रणाली बसवली, तरी आतली नोंद जुनीच असेल तर उपयोग नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका दृष्टिहीन वाचकाला बसतो. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर युनिकोडमधलं मराठी व्यवस्थित वाचतं. जुन्या फॉन्टमधली नोंद मात्र ते इंग्रजी अक्षरं म्हणून बडबडत जातं. 2016 साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयामुळे दृष्टिहीनांना त्यांना वाचता येतील अशा स्वरूपातली पुस्तकं ऑनलाइन मिळू लागली. पण आपल्याच शहरातल्या वाचनालयात काय आहे, हे त्यांना स्वतःहून बघता येत नाही.

फॉन्ट बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. नोंदी एका झटक्यात बदलतातही. मग खरं काम सुरू होतं. रफार भलत्याच अक्षरावर गेलेला असतो, पहिली वेलांटी घसरलेली असते, एकच लेखक कुठे आद्याक्षरांनी तर कुठे पूर्ण नावाने पडलेला असतो. प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते, शंका आली की उठून कपाटातलं पुस्तक काढून मुखपृष्ठाशी ताडून बघावं लागतं. हे काम यंत्रावर सोडून चालत नाही. ज्या मुलांना मराठी शुद्धलेखन येतं आणि जी रोज वाचन कक्षात बसतात, त्यांना मानधन देऊन रोज तासभर या कामाला बसवता येईल. मुलांना चार पैसे मिळतील आणि नोंदी तपासताना कपाटात काय काय आहे ते त्यांना कळेल. सुरुवात करायची तर आधी ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तकं आणि आंबेडकरी साहित्याचा रॅक घ्यावा. मागणी तिथे सगळ्यात जास्त आहे.