घरपट्टी गेली, शाळा कुणाची?

(दृश्य: अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा उत्तर भाग, बर्फाळ रस्ता)

मार्च १९९३. कल्कास्का गावातल्या शाळांना कुलूप लागलं. शालेय वर्ष संपायला अजून दोन महिन्यांहून जास्त अवकाश होता, पण पैसे संपले होते. शाळांसाठी घरपट्टी वाढवू द्याल का, असं मतदारांना विचारून झालं होतं. उत्तर दर वेळी ‘नाही’च आलं.

त्या काळी मिशिगनमधल्या शाळांचा बहुतांश खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागायचा. हद्दीत मोटारींचा कारखाना असला, तर शाळा गब्बर. शेजारचं गाव दुप्पट दरानं कर भरूनही मागेच.

(दृश्य: राज्याची राजधानी लान्सिंग, विधिमंडळाची इमारत)

जुलै १९९३. रिपब्लिकन गव्हर्नर जॉन एंगलर यांना करकपात हवी होती. राज्याच्या सिनेटमधल्या डेमोक्रॅट सदस्य डेबी स्टॅबेनाव यांनी दुरुस्ती मांडली: कपात कशाला, शाळा चालवण्यासाठीची घरपट्टी पूर्णच काढा! हा डाव होता की आव्हान, कोण जाणे. रिपब्लिकनांनी होकार भरला आणि अब्जावधी डॉलरचं उत्पन्न एका फटक्यात रद्द झालं. त्याऐवजी पैसा कुठून आणायचा, हे ठरलेलंच नव्हतं. असं धाडस म्हणावं की बेफिकिरी?

१५ मार्च १९९४ ला लोकांनी कौल दिला. विक्रीकर ४ टक्क्यांवरून ६ टक्के करायचा, नाहीतर आयकर वाढणार. जुनी घरपट्टी जशीच्या तशी परत आणायची सोय मतपत्रिकेवर नव्हतीच. विक्रीकर दणक्यात जिंकला.

शाळांसाठीचा मालमत्ता कर काही प्रमाणात परत आला, पण राहत्या घरांना मोठी सूट मिळाली. करपात्र किंमत वर्षाला ५ टक्के किंवा महागाईचा दर, यांतला जो कमी असेल त्याहून जास्त वाढणार नाही, असंही ठरलं. घर विकलं की मात्र ही मर्यादा सुटते. म्हणून आज डेट्रॉइटजवळच्या नोवाय किंवा ट्रॉयमध्ये जुनं घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबाला, तसंच घर असलेल्या जुन्या शेजाऱ्यापेक्षा बराच जास्त कर भरावा लागतो.

(दृश्य: डेट्रॉइट, बंद पडलेली शाळा)

आता राज्य सरकार दर विद्यार्थ्यामागे अनुदान देतं. गरीब गावांना त्याचा खरा फायदा झाला. पण मूल गेलं की अनुदानही जातं. डेट्रॉइटमधून कुटुंबं निघून जात राहिली. वर्गातली पाच मुलं कमी झाली, म्हणून शिक्षकाचा पगार किंवा विजेचं बिल कमी होत नाही.

आणि इमारती? त्यांच्यासाठीचे कर्जरोखे आजही स्थानिक मालमत्ता करातूनच फेडावे लागतात. नवं छप्पर घालायचं, तर आधी गावाचं मत घ्यावं लागतं.