आधी वही, मग कल्पना

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ नावाचा पाण्याचा एक पंप निघाला होता. मुलं खेळताना फिरवतात तसं एक चक्र. ते फिरलं की जमिनीखालचं पाणी वर चढायचं आणि २,५०० लिटरच्या उंच टाकीत साठायचं. टाकीच्या चारही अंगांना फलक, त्यावर जाहिराती, आणि जाहिरातींच्या पैशातून पंपाची देखभाल. ऐकताक्षणी पटावी अशी ही कल्पना होती. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे असं ठरलं.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. एक पंप २,५०० माणसांना पुरेल, असं सांगितलं जात होतं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरलं, तर रोज ३७,५०० लिटर पाणी लागतं. पंपाची क्षमता तासाला साधारण १,४०० लिटर. भागाकार केला की उत्तर येतं जवळजवळ २७ तास. म्हणजे मुलांनी दिवसाचे २७ तास खेळत राहायचं! प्रत्यक्षात मुलं शाळेत गेली, दमली, कंटाळली की ते जड चक्र बायकांना ढकलावं लागे. बिघडलं तर दुरुस्ती करणारा जवळपास नसे. हा हिशेब वर्तमानपत्रात आला २००९ मध्ये, घोषणेनंतर तीन वर्षांनी.

या कामामागची माणसं मनापासून झटत होती, म्हणून तर ही गोष्ट मनाला जास्त लागते. सोशल इनोव्हेशन, म्हणजे समाजातल्या एखाद्या अडचणीवर टिकणारा नवा उपाय शोधणं, हे ज्यांना आयुष्याचं काम करायचं आहे, त्यांनी हा भागाकार पहिल्याच आठवड्यात करायची सवय लावून घ्यायला हवी. आज बोलायचं आहे ते या सवयीबद्दल आणि तिच्याभोवती पोटापाण्याचं काम कसं उभं राहतं, याबद्दल.

सुरुवात प्रश्न निवडण्यापासून. ‘मला शिक्षणात काम करायचं आहे’ एवढ्यावर काम सुरू होत नाही. ‘चौथीतली मुलं हातच्याची वजाबाकी करताना अडखळतात’ यावर होतं, कारण तिथे कोण अडतं, कुठे अडतं आणि किती जण अडतात, हे मोजता येतं. निवडलेला प्रश्न तीन कसोट्यांवर तपासा. ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांच्यापर्यंत दर आठवड्याला पोचता येईल का? फरक पडला की नाही हे वर्षभरात आकड्यात दिसेल का? आणि पाच वर्षं त्याच विषयावर काढायची तयारी आहे का? तिसऱ्या कसोटीवर बहुतेक जण घाईने ‘हो’ म्हणतात. तिथे थोडं थांबावं.

स्वतःची संस्था काढायची घाई करू नये, हे आमचं ठाम मत आहे. त्या प्रश्नावर आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत दीड ते दोन वर्षं नोकरी करा. कार्यक्रमांचं आयोजन किंवा प्रसिद्धी विभाग यापेक्षा जिथे काम माणसाला भिडतं ती जागा मागा. घरभेटी, साठ्याची नोंद, तक्रारींची वही, हिशेब. तक्रारींच्या वहीतून जेवढं शिकायला मिळतं तेवढं वार्षिक अहवालातून मिळत नाही. मुलाखतीत तुम्हीही दोन प्रश्न विचारा: महिन्यातले किती दिवस फील्डवर जावं लागेल, आणि गोळा केलेली माहिती बघून मागच्या वर्षी कामात काय बदललं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर तिथे माहिती फक्त देणगीदाराला पाठवण्यासाठी गोळा होते, असं समजायला हरकत नाही.

आता निरीक्षण. इथे थोडं रेंगाळू, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

समजा, पाणी भरण्याच्या त्रासाबद्दल काम करायचं आहे. मग पहिलं माणूस पाण्यावर यायच्या आधी तिथे जाऊन बसा आणि शेवटचं गेल्यावर उठा. घड्याळ आणि वही एवढंच जवळ ठेवा. वहीच्या डाव्या पानावर दिसलं ते लिहायचं: ‘६ वाजून १० मिनिटं. दोन भांडी. रांगेत १८ मिनिटं. भरायला ४. उचलून द्यायला दुसरं माणूस लागलं.’ उजव्या पानावर आपल्याला वाटलं ते: ‘भांड्याचा काठ हाताला रुततोय का?’ ही दोन पानं एकमेकांत मिसळली, की महिन्याभराने आपला अंदाज कुठला आणि पाहिलेलं काय, हे आपल्यालाच सांगता येत नाही. आणि नोंदी त्याच रात्री नीट लिहून काढायच्या. सकाळपर्यंत त्यातलं बरंच पुसलेलं असतं.

बोलतानाही असंच. ‘अशी वस्तू मिळाली तर वापराल का?’ असं विचारलं, की समोरचा माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’वर कित्येक प्रकल्प उभे राहिले आणि बसले. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत? किती वेळ गेला? पैसे कुठून आणले? आधी कोणाला विचारलंत? अशी वीस-पंचवीस संभाषणं करा. सलग पाच जणांकडून नवं काही कळलं नाही, तर तूर्त पुरे. मात्र त्यात उपाय अर्ध्यावर सोडणारे आणि कधी आलेच नाहीत असे लोकही हवेत. जे येतात त्यांच्याशीच बोलत राहिलं, तर आपलं काम छानच चाललंय असं वाटत राहतं.

२००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका वर्गाला कमी खर्चाचा इन्क्युबेटर, म्हणजे कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी पेटी, तयार करायचं काम मिळालं होतं. त्यातल्या एका गटाने नेपाळमधली रुग्णालयं पाहिली, तेव्हा दानात आलेले इन्क्युबेटर रिकामे पडलेले दिसले. कमी वजनाची बाळं जन्मत होती दूरच्या गावांत, घरी. मग यंत्र स्वस्त करायचा प्रश्नच बदलला आणि बाळाला घरीच ऊब कशी द्यायची हा प्रश्न पुढे आला. त्यातून बाळाला गुंडाळायची एक छोटी पिशवी तयार झाली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाची पुडी असते. ती तापवून आत ठेवली की काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब धरून राहते.

उपाय सुचला की त्याची चाचणी लहान ठेवा: वीस ते तीस माणसं, सहा ते आठ आठवडे. त्याआधी किमान महिनाभर काहीही न बदलता नुसती नोंद घ्यायची, म्हणजे बेसलाइन. ही नोंद टाळली, तर नंतर सुधारणा दाखवायला तुलनाच उरत नाही. पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे वेगळे ठेवा, कारण नव्याची नवलाई सगळीकडेच असते. ओळखीच्या घरांत चाचणी घेऊ नका. आणि वस्तू फुकट वाटून ‘लोकांना आवडली’ असं लिहू नका.

मोजणी किती चिकाटीची असते, ते गडचिरोलीत दिसतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून नवजात बालकांच्या मृत्यूंवर अभ्यास केला. ३९ गावांत घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावं ठेवली. काळजी सुरू करण्याआधी दोन वर्षं नुसत्या नोंदी झाल्या. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशपातळीवर सुरू झाली २०११ मध्ये. पहिल्या नोंदीपासून तिथपर्यंत १८ वर्षं. पाच वर्षांची कसोटी का लावायची, हे आता लक्षात आलं असेल.

पैशाचं बोलायला संकोच करू नका. एका माणसामागे खर्च किती, याचं गणित करताना वस्तूच्या किमतीत प्रशिक्षण, प्रवास, सुटे भाग, वाया जाणारा माल आणि तुमचा स्वतःचा पगारही धरा. पगार न धरता मांडलेला खर्च खोटा असतो, कारण तुमच्या जागी उद्या येणारा माणूस फुकट काम करणार नाही. मग हा खर्च कोण देणार ते ठरवा: वापरणारा, सरकार, देणगीदार, की ज्यांना परवडतं असे इतर ग्राहक. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सेवानिवृत्तीनंतर १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पैसे देणाऱ्या रुग्णांकडून येणाऱ्या उत्पन्नावर न देणाऱ्यांचीही शस्त्रक्रिया होईल, अशी तिथली रचना आहे. तपासणी आणि पूर्वतयारी प्रशिक्षित तरुणी करतात, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ शस्त्रक्रियेलाच मिळतो. डोळ्यात बसवायची भिंगं महाग पडत होती, म्हणून १९९२ मध्ये ती स्वतः बनवायचा कारखाना काढला. यातली प्रत्येक गोष्ट खर्चाचा एकेक आकडा उकलून पाहिल्यावर सुचते.

तुमच्या घरखर्चाचंही तसंच. नोकरी सोडायच्या आधी नऊ ते बारा महिन्यांचा खर्च हाताशी हवा. फेलोशिप मिळाली तर उत्तम, पण अर्ज, मुलाखत आणि पहिला हप्ता यांत सहज सहा महिने जातात. पहिल्या निधीच्या ओढीने देणगीदाराच्या आवडीचा विषय हाती घेतला, तर मूळ प्रश्न तिथेच मागे पडतो, आणि परत त्याच्याकडे वळायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

उपाय चालायला लागला, की स्वतः महिनाभर बाजूला व्हा. फोनवरून सूचनाही देऊ नका. परत आल्यावर तीन गोष्टी तपासा: नोंदवहीत तुमच्या गैरहजेरीतल्या तारखा भरलेल्या आहेत का, बिघडलेला भाग कोणी आणि किती दिवसांत बदलला, आणि कोणी तुम्हाला न विचारता पद्धतीत काही फेरफार केला आहे का. फेरफार झालेला दिसला, तर तो लगेच पुसू नका. तो करणाऱ्या माणसाजवळ बसा, वही उघडा आणि विचारा: मागच्या वेळी काय झालं होतं?